घळीतले शिसे

डोंगरतळ,
ता. ४ जून

ती. काकांच्या चरणी शि. सा. न.; पुढचं वि. वि. थंडीने बोटं आखडल्यामुळे मनातच समजून घ्यावं.

तुमची गोटी सुखरूप पोहोचली. शेवटचं गाव सोडल्यावर आधी रस्ता संपला, मग खेचरांची वाट संपली, आणि मग नुसता चढ उरला. नदीच्या वळणावर थोडी सपाटी आहे, तिथे तंबू ठोकले आहेत. एकात आम्ही निजतो, एकात स्वयंपाक होतो, आणि सगळ्यांत मोठा व सगळ्यांत कोरडा तंबू आहे तो चिखलासाठी. हसू नका. त्या चिखलावरच आमचं पोट आहे.

हा सारा डोंगरी मुलूख सरकारला कायमचा मिटून ठेवायचा आहे. रस्ता नाही, घर नाही, कुदळीचा एक घावसुद्धा नाही. पण पेटीला कुलूप घालण्याआधी माणूस आत काय आहे ते एकदा बघून घेतो, तसं या डोंगराच्या पोटात धातू आहे का, कोळसा आहे का, जमिनीतली ऊब वीज करण्याजोगी आहे का, हे आधी कुणीतरी सांगायला हवं. ते सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक ओढ्याच्या तळातला बारीक गाळ चाळायचा, कापडी पिशवीत भरायचा, वाळवायचा आणि खाली प्रयोगशाळेत धाडायचा. ओढा आपल्या उतारावरचं सगळं थोडं थोडं घेऊन खाली येतो. त्यामुळे डोंगर स्वतः गप्प असला तरी त्याचा गाळ चुगली करतो.

मंडळी बरी आहेत. आचाऱ्याला प्रत्येक पदार्थात मिरी घालण्याचा छंद आहे आणि त्यावर बोललेलं त्याला खपत नाही. दुसरे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही कानवाले म्हणतो. जमिनीत पुरून ठेवायची ऐकण्याची यंत्रं त्यांच्या ताब्यात आहेत. खोलवर गरम पाणी हललं तर त्यांना ऐकू येतं, पण जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही.

आता जे निघताना तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही ते. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही, मी मागून घेतलं. हा तोच डोंगर आहे. बाबा याच कामासाठी याच नदीने वर आले होते. पावसाची चिन्हं दिसताच त्यांनी सोबत्यांना खाली पाठवलं आणि पसरलेली यंत्रं गोळा करायला ते एकटे मागे राहिले, इतकं तर तुम्हीच मला सांगितलंत. त्या पावसात इतक्या घळींत दरडी कोसळल्या की ते कोणत्या घळीत राहिले हे शोधायला गेलेल्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. मी त्यांना शोधायला आलेले नाही, काका. पण खोटं कशाला बोलू, प्रत्येक घळीच्या तोंडाशी माझा पाय जरा जास्त वेळ थांबतो.

आईला यातलं काही सांगू नये. लोभ आहेच, तो इथल्या थंडीत गोठणार नाही इतकी पत्रं पाठवावी.

तुमची,
गोटी


ता. १२ जून

चि. गोटीस अ. उ. आ. आणि त्यांच्या पाठोपाठ एक सौम्य कानउघाडणी.

तुझे पत्र आले तेव्हा मी माडीवर खिडकीपाशी वाचत बसलो होतो. समोरच्या दुकानातले शिंप्याचे यंत्र एकाएकी थांबले, त्यावरून टपालवाला आल्याचे कळले. त्या दोघांना रोज जगाचा कारभार सुधारायचा असतो. तुझे अक्षर पाहून मन प्रसन्न झाले, आणि दुसरे पान वाचून ते तितकेच काळजीत पडले.

तुझ्या आईपासून लपवण्याची गोष्ट तू करतेस! तू ते जाड तळव्यांचे बूट विकत आणलेस त्याच दिवशी तिला संशय आला होता. पत्र वाचून होताच तिने मला सरळ विचारले की डोंगर कोणता. मला खोटे बोलता येत नाही, म्हणून मी गप्प राहिलो. आणि माझे गप्प राहणे या घरात कबुलीजबाबाच्या तोडीचे मानले जाते. ती रागावली नाही. इतकेच म्हणाली की पोरीला लोकरीचे आणखी मोजे पाठवायला हवेत, तिकडचे ऊन फसवे असते. तिकडचे ऊन तिला कसे ठाऊक, हे मी विचारले नाही. माझा धाकटा भाऊ ज्या ज्या वाटेने गेला असेल ती प्रत्येक वाट या बाईने बसल्या जागी चालून पाहिली आहे.

तू मोठी झालीस, म्हणून आज लिहितो. शास्त्रकारांनी जिवंतांसाठी धर्म सांगितला, मृतांसाठी मार्ग सांगितला, आणि जो परत आला नाही त्याच्यासाठी प्रतीक्षेची मर्यादाही घालून दिली. ती मर्यादा केव्हाच उलटली. तुझ्या आईने पुढचे काही करू दिले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. त्यामुळे तो या घरात नाही, पण घरातून गेलेलाही नाही. जिना वाजला की आजही आम्ही दोघे एकदमच मान वर करतो आणि एकदमच खाली घालतो. एकमेकांनी पाहिले हे दोघांनाही कळते. त्यावर आम्ही कधी बोललेलो नाही.

तेव्हा तू तिथे थांबतेस हे मला समजते. थांब, पण घळीच्या आत जाऊ नकोस. देवाने तुला दृष्टी दिली आहे ती गाळातले कण पाहण्यासाठी. त्या दृष्टीला दुसऱ्या कामाला जुंपू नकोस.

मिरी पचनाला उत्तम. आचाऱ्याला माझा पाठिंबा कळव. आमच्या लोभात वाढ व्हायला आता जागा नाही. पत्रांत मात्र व्हावी.

तुझा,
काका


डोंगरतळ,
ता. २७ जून

ती. काकांस शि. सा. न. वि. वि. (या खेपेस बोटं शाबूत आहेत.)

मोजे पोहोचले. आईला सांगा की ऊन खरंच फसवं आहे.

नदीच्या डाव्या अंगाचे ओढे झाले. गाळाच्या पिशव्या खेचरवाला घेऊन गेला. आता आम्ही ऐकायला बसतो. त्याची रीत अशी: पहाटे वारा पडतो तेव्हा कानवाले आपली यंत्रं जमिनीत पुरतात आणि सगळ्यांना जिथे असतील तिथे बसवतात. उठायचं नाही, चालायचं नाही, भांडं ठेवायचं नाही, खोकला आला तर गिळायचा. माणसाचं एक पाऊल त्या यंत्राला ढोल वाजल्यासारखं ऐकू येतं, आणि पडद्यावरची रेषा टुणकन उडी मारते. आपल्याला हवी असते ती अगदी खोलवरची गुरगुर, गरम पाण्याची.

परवा रेषा उडाली. एक उडी, मग दुसरी, मग थांबा. पुन्हा एक, पुन्हा दुसरी. कुणीतरी चालत असावं तशी. कानवाल्यांचा संताप झाला. त्यांनी आचाऱ्यावर आरोप ठेवला, आचाऱ्याने देवाची शपथ घेऊन सांगितलं की तो पिठाच्या पोत्यावर बसला होता आणि त्याचे दोन्ही पाय बधिर झाले होते, बधिर पायांनी कुणी फेऱ्या मारतं का. भांडण हातघाईवर आलं. शेवटी मी सगळ्यांना गोल करून बसवलं, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक जण दिसेल. कुणी हललं नाही. रेषा पुन्हा उडाली. एक, दोन, थांबा.

कानवाल्यांनी यंत्रं हलवून हलवून जागा शोधली. नदीपलीकडे एक अरुंद घळ आहे, तिच्यात वरपासून खालपर्यंत दगडांचा लोट पडला आहे. पावलं तिथली होती, वरून खाली उतरणारी. मग कानवाले एकदम शांत झाले आणि म्हणाले की काही नाही, दरड आहे. दगडांच्या फटींत रात्री पाणी गोठतं, उजाडताना सुटतं, एक दगड जरासा बसतो, मग त्याच्यावर टेकलेला दुसरा. दरड वर्षानुवर्षं अशी उतरत राहते, एखाद्या पावसाळ्यात ती एकदम सगळीच खाली येते. हे त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं. आचाऱ्याला ते पटलेलं नाही. त्या दिवसापासून तो एक ताट जास्त मांडतो. विचारलं तर म्हणतो, बाई, मोजण्यात चूक झाली. रोज कशी होते म्हटलं तर म्हणतो की चूकच ती, तिला काय, रोज होते.

मला कानवाल्यांचं पटतं. माझी विद्या त्यांच्या बाजूची आहे. पण त्या रेषेकडे बघताना एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली आणि मी गार पडले. बाबा चालायचे कसे, हे मला आठवत नाही. चेहरा आठवतो, तोही बहुतेक छायाचित्रातला. ते जिना कसे चढत, हे लिहून कळवाल का?

लोभ असू द्यावा, आणि माझ्या प्रश्नाने त्यात ओरखडा उमटू नये.

तुमची,
गोटी


ता. ५ जुलै

चि. गोटीस अ. उ. आ.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे की न द्यावे, यावर मी सकाळची सगळी उपासना खर्च केली. ओठ स्तोत्र म्हणत होते आणि मन जिन्यात उभे होते.

तो दोन पायऱ्या चढे आणि थांबे. पुन्हा दोन चढे आणि थांबे. काहीतरी खाली विसरल्यासारखा. लहानपणी मी त्याला यावरून फार चिडवत असे. तो म्हणे की वर गेल्यावर काय बोलायचे ते जुळवत असतो. माझ्या स्मरणावर माझा विश्वास उरला नाही म्हणून मी तुझ्या आईला आडवळणाने विचारले. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता टेबलावर बोटांनी वाजवून दाखवले. दोन, आणि थांबा. मग तिने मला विचारले की हे आजच का आठवले. मी गप्प राहिलो, आणि तिने पुढे विचारले नाही. पण भाजी निवडायची तशीच राहिली.

गोटी, तू विचारलेस म्हणून सांगितले. आता यावर माझी आज्ञा समज: तुलना करू नकोस. दगड बसतात, कारण दगडांचा तो स्वभाव आहे. जगात पुष्कळ वस्तू दोनदा वाजून थांबतात. आपल्या मनात जे रिकामे असते त्याच्या आकाराचा आवाज आपण बाहेर शोधत फिरतो. ऋषींनी यालाच मोह म्हटले आहे, आणि मोहाचे रूप नेहमी आपल्याच माणसासारखे असते.

हे सारे मी तुला लिहितो आहे खरा. परंतु काल दुपारी समोरचा शिंपी यंत्र चालवत होता, दोनदा टाके घालून थांबत होता, आणि मी पुस्तक मिटून ऐकत बसलो होतो.

स्वतःला जप. उरलेला लोभ या पत्रात मावत नाही.

तुझा,
काका


डोंगरतळ,
ता. २२ जुलै

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचावं. आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

प्रयोगशाळेचे निकाल आले. साऱ्या डोंगरात काही नाही; कोळसा नाही, तांबं नाही, उबदार पाणी आहे ते कानवाल्यांना अंघोळ घालण्यापुरतं. फक्त एका ओढ्याच्या गाळात शिसं निघालं, आणि तेही भरपूर. ओढा त्याच घळीतून येतो. इथे आनंदीआनंद झाला. आचाऱ्याने गोड केलं आणि त्यातही मिरी घातली. बिनतारी संदेशावरून वरिष्ठांनी माझं अभिनंदन केलं आणि सांगितलं की मी शिफारस लिहून धाडताच ते यंत्र आणि माणसं पाठवतील, दरड उपसून खालचा खडक भोकं पाडून तपासतील, आणि डोंगर मिटून ठेवण्याचं मग बघू.

मी तंबूत एकटी बसून निकाल पुन्हा वाचला. काका, निसर्गात शिसं एकटं राहत नाही. त्याच्यासोबत जस्त असतं, बहुधा थोडी चांदी असते, ती एका कुटुंबातली माणसं आहेत. इथे जस्त नाही, चांदी नाही. आहे ते कथील आणि अंजनाचा धातू, म्हणजे अँटिमनी. हे दोन शिशात मिसळतो तो माणूस: एक तारा जोडताना डाक लावण्यासाठी, दुसरा विजेच्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या कडक करण्यासाठी. त्या काळी यंत्रं चालवायला अशा बॅटऱ्यांच्या पेट्याच्या पेट्या खेचरांवर लादून वर आणत. तुम्हीच सांगायचात, बाबा त्यांना आपली सासरची माणसं म्हणत, कारण त्या जड होत्या आणि उलट्या धरलेल्या चालत नसत.

डोंगर रिकामा आहे. त्यात जो धातू आहे तो बाबा घेऊन आले होते. ते त्या दरडीखाली आहेत, आणि ओढा इतकी वर्षं त्यांचा तळ थोडा थोडा करून खाली आणतो आहे. मी तो चाळून पिशवीत भरला आणि पिशवीवर खुणेचा आकडा घातला.

मी वरिष्ठांना हे न सांगता आडून विचारून पाहिलं, की पूर्वीचं कुणी माणूस दरडीत गेलं असेल तर काढतात का. उत्तर आलं की इतक्या जुन्या मृतासाठी धोक्याच्या दरडीला कुणी हात लावत नाही. धातूसाठी गोष्ट वेगळी. आणि डोंगर मिटला की मग कायद्यानेच कुदळ बंद.

म्हणजे मी जर इतकंच लिहिलं की घळीत शिसं आढळलं, उगम अज्ञात, तर यातला एकही शब्द प्रयोगशाळा खोडणार नाही, आणि ते खणत खणत बाबांपर्यंत पोहोचतील. आणि मला जे कळलं ते सगळं लिहिलं, तर आता माहीत झालेली ती जागा आपल्या डोळ्यांदेखत कायमची बंद होईल. यंत्रावरच्या मुलांना त्या उतरत्या दरडीखाली बसावं लागेल, हेही आहेच.

तुम्ही मला अक्षर शिकवलंत. काय लिहू ते सांगा.

गोटी


ता. ३० जुलै

चि. गोटीस आशीर्वाद.

पत्र वाचले. पुन्हा वाचले. देवापुढे ठेवले आणि मग स्वतःच उचलून घेतले. तिथून येणाऱ्या उत्तराची मला भीती वाटली.

मी तुला खोटे लिही असे सांगणार नाही. माझ्या जिभेला ते जमणार नाही. पण जे कळले ते सगळे लिही, असेही सांगवत नाही. मौन हे असत्य नव्हे. तपस्व्यांनी मौनाला व्रत मानले आहे. तुझ्या निकालात शिसे आहे, तू शिसे लिही. कथील आणि तो दुसरा धातू यांचा अर्थ लावणे वरिष्ठांच्या बुद्धीवर सोपव. त्यांना त्यासाठीच वरिष्ठ केले आहे. फक्त एक वाक्य गाळायचे, गोटी. एकच.

दरडीचे म्हणशील, तर ती इतकी वर्षे थांबली आहे, आणखी काही आठवडे थांबेल. ती माणसे सराईत असतील. देव त्यांना राखेल.

मी म्हातारा झालो. मला त्याला एकदा हात लावायचा आहे, मग तो उरला असेल त्या रूपाने. आमच्या वडिलांनी जाताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता. तो हात सुटला तेव्हा मी या खिडकीत बसून धर्मावर चिंतन करत होतो. आत्मा अविनाशी आहे आणि देह वस्त्रासारखा टाकायचा, हे मी आयुष्यभर लोकांना समजावून सांगितले. आणि आज मला ते वस्त्र हवे आहे, फाटके, मातीचे, कसेही.

हे शब्द माझ्या हाताने उमटले आहेत. परंतु लिहिताना सारखे वाटते आहे की मागे कुणी उभे राहून सांगतो आहे आणि मी नुसता उतरवून घेतो आहे. मी वळून पाहिले नाही.

उत्तर लवकर दे. आईला मी काही बोललेलो नाही.

काका


ता. ३१ जुलै

प्रिय गोटी, अनेक आशीर्वाद.

मला असं बसून लिहायची सवय नाही, तेव्हा जसं येईल तसं वाच.

काल भाऊजींनी तुझं पाकीट चिकटवलं, पण पत्ता लिहिताना त्यांनी शाई सांडली. मी पाकीट घेतलं आणि काय झालं ते विचारलं. ते गप्प राहिले. त्यांचं गप्प राहणं मला आता तोंडपाठ आहे. मग त्यांनीच पाकीट फोडलं आणि तुझं पत्र, त्यांचं पत्र, दोन्ही वाचून दाखवली. मधे त्यांना वाचवेना, तेव्हा मी पुढचं वाचलं. त्यांचं पत्र मी अडवलेलं नाही. माणसाने मागितलं ते ज्याच्याकडे मागितलं त्याच्यापर्यंत जायला हवं. माझंही त्याच पाकिटात घालते आहे.

तुझे बाबा मेले, गोटी. हे वाक्य मी आधी शिंप्याच्या पावतीमागे लिहून बघितलं. लिहिता येतं.

त्यांना हयातीत कुणी मौल्यवान म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. उलट दिवसातून चारदा म्हणायची की तुमचा उपयोग काय. आता मेल्यावर त्यांना सरकारदरबारी खनिज ठरवलंस तर ते तिथल्या तिथे पोट धरून हसतील, आणि दरड एकदम खाली येईल. यातली पहिली गोष्ट थट्टा आहे, दुसरी नाही. दरड उतरते आहे असं तूच लिहिलंस. तिच्याखाली यंत्र लावून बसणारी पोरं कुणाच्या तरी घरची आहेत. जिना ऐकत बसणारं एक घर पुरे झालं. तसलं दुसरं घर तुझ्या हातून व्हायला नको.

भाऊजींना देवाधर्माचं पुष्कळ कळतं. पण ते लहान भावाच्या बाबतीत कायम हळवे. त्यांच्यावर रागावू नकोस. मलाही हवेत गं ते. रात्रभर मी मनातल्या मनात ती दरड उपसली. एकेक दगड बाजूला ठेवला. सकाळी हात दुखत होते.

ठरवणारी तू. मोजे ओले झाले तर लगेच बदल.

आई


डोंगरतळ,
ता. १४ ऑगस्ट

ती. काकांस आणि ती. आईस शि. सा. न.; हे पत्र दोघांनी मिळून वाचावं.

अहवाल गेला. शिशाच्या रकान्यात मी लिहिलं: नैसर्गिक नाही. उगम, पूर्वीच्या सर्वेक्षकाचा तळ, दरडीखाली. दरड अस्थिर, तिच्याखाली कुणालाही पाठवू नये. सर्वेक्षक मृत.

संध्याकाळी बिनतारीवर वरिष्ठ आले. अभिनंदन परत घेता येत नसल्यामुळे त्यांना फार त्रास झाला. मग त्यांनी विचारलं की खनिजांच्या अहवालात शेवटचे दोन शब्द आवश्यक आहेत का. मी म्हटलं की त्यांच्याशिवाय उगमाचं वर्णन अपुरं राहतं. नुसती खरखर येत होती. मग म्हणाले, राहू दे.

काका, तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे. तुम्ही मला गाळायला सांगितलेलं वाक्य मी खरंच एकदा गाळून पाहिलं. कागद स्वच्छ दिसत होता. वाचताना कुणालाही काही कमी आहे असं वाटलं नसतं. पण मला त्या कोऱ्या ओळीत यंत्रावर बसलेली मुलं दिसू लागली. पाठमोरी, डबे उघडून जेवणारी. मी ती ओळ परत लिहिली.

निघण्याआधी घळीच्या तोंडाशी जाऊन आले. आत गेले नाही. कानवाले सोबत होते, त्यांनी टोपी काढली आणि पहिल्यांदाच मला गप्प बसा म्हणाले नाहीत. मी रडत होते तरी. रेषा अजूनही उडते. ती थांबेल असं काही माझ्या मनात नव्हतं. डोंगर आता मिटेल. त्याच्यावर कुणी घर बांधणार नाही, रस्ता काढणार नाही. काका, तुम्हाला मी त्यांचा हात देऊ शकले नाही. यावर मला काही सांत्वन सुचत नाही, म्हणून खोटं सुचवत नाही.

तंबू उतरवायला सुरुवात झाली आहे. येते.

गोटी


ता. २३ ऑगस्ट

चि. गोटीस अनेक आशीर्वाद. आणि वयाचा विचार बाजूला ठेवून एक नमस्कारही.

मी तुला जे लिहिले त्याबद्दल क्षमा मागत नाही. वडीलधाऱ्याने क्षमा मागितली की लहानांना ती द्यावीच लागते, आणि ती बळजबरी होते. इतकेच सांगतो की माझ्या मागे उभे राहून कुणी ते पत्र सांगत नव्हते. मी नंतर वळून पाहिले.

तुझे पत्र आम्ही दोघांनी वाचले. तुझी आई शेवटच्या दोन शब्दांशी आली आणि तिने मान हलवली. शिंप्याने शिवलेले माप बरोबर आले म्हणजे हलवते तशी. मला तसे जमले नाही. मी माडीवर येऊन पडून राहिलो. मला तो हात हवा होता, गोटी, आणि अजून हवा आहे. ज्ञानाने हे दुखणे बरे होईल असा मला भरवसा उरलेला नाही. तू योग्य तेच केलेस, आणि मला ते सोसवत नाही. या दोन्ही गोष्टी एका छातीत राहू शकतात, हे मला या वयात कळले.

आज सकाळचे सांगतो. मी रोज उपासनेच्या शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांची नावे घेतो, हे तुला माहीत आहे. तुला माहीत नसेल ते असे की आमच्या आईचे नाव झाल्यावर मी एक श्वास थांबत असे. धाकट्याचे नाव घ्यायचे नाही, आणि त्याला ओलांडून पुढेही जायचे नाही. इतकी वर्षे त्या श्वासात तो राहत होता. आज तुझी आई हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. ती कधी येत नाही. मी आमच्या आईचे नाव घेतले, आणि मग त्याचे घेतले. आवाज फुटला नाही. ती म्हणाली की तिला ऐकू आले नाही, पुन्हा घ्या. मी पुन्हा घेतले, मोठ्याने.

समोरच्या भिंतीवर ऊन आले होते. खोली एका माणसाने मोठी झाल्यासारखी वाटली, आणि आम्ही दोघेही तिच्या दोन टोकांना उगीच उभे होतो.

लवकर ये. फार जागा झाली आहे.

तुझा,
काका